बिनबोभाट हललेलं बिऱ्हाड

“एक अक्षर पुसायचं नाही, एक नवी डिस्क घ्यायची नाही, आणि कारभार पापणी लवण्याइतकाही थांबवायचा नाही!” राजा भद्रसेनाने फर्मावलं. “सगळी मशीनं नव्या प्लॅटफॉर्मवर गेली पाहिजेत. दसऱ्याच्या आत! नाहीतर रंभाजी, तुम्ही सीमेपार!”

रंभाजी राज्याचं सर्व्हरघर सांभाळत. त्यांनी मुजरा केला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. मशीनं ज्यावर चालत, त्या जुन्या प्लॅटफॉर्मला काही झालं नव्हतं. शेजारच्या राजाने नवा घेतला, एवढंच झालं होतं.

रंभाजी घरी येऊन जेवणाच्या ताटाकडे नुसते बघत बसले. त्यांची नवी सून मंजुळा पाणी घेऊन आली. ती फारसं बोलत नसे, त्यामुळे घरातलं सगळं तिला ऐकू येई. तिचे वडीलही दुसऱ्या एका राज्यात हेच काम करत.

“मामंजी, अडलंय कुठं?”

“अगं, आपले सर्व्हर म्हणजे मोठी चाळ. एकेका सर्व्हरच्या पोटात दहा-दहा व्हर्च्युअल मशीनांची बिऱ्हाडं. न्यायाचं एक, जकातीचं एक, महाराजांच्या बुद्धिबळाचंसुद्धा एक! बिऱ्हाड हलवायचं तर ते मांडायला रिकामा कोपरा नको? चाळ गच्च भरलीय.”

“कशानं?”

रंभाजींनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली केला. “स्नॅपशॉट! म्हणजे बिऱ्हाडाची त्या क्षणाची हुबेहूब नक्कल. हुकूम काढण्याआधी महाराज ओरडतात, ‘आधी आहे ते जसंच्या तसं धरून ठेवा! माझं मन फिरलं तर मागं जाता आलं पाहिजे!’ आणि मन काय, पाटावर बसायच्या आत फिरतं. पुसायची मात्र छाती नाही कुणाची.”

“मग मी विचारते की त्यांना,” मंजुळा म्हणाली आणि ताटात भाकरी वाढली. “आधी जेवा.”

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. महाराजांशेजारी राणीसाहेब हेमावती बसल्या होत्या. मंजुळा डोक्यावरचा पदर सावरत पुढे आली.

“महाराज, अटी मान्य. काही म्हणजे काही पुसणार नाही. फक्त कुठला स्नॅपशॉट आधी न्यायचा, तेवढं सांगावं.”

“सगळ्यात जुना आधी!” महाराज म्हणाले. “ज्येष्ठांचा मान पहिला!”

“जशी आज्ञा. सगळ्यात जुना आपल्या लग्नाच्या खात्यातला आहे. त्यात आपलं लग्न अजून ठरतंय. राजकन्या चंद्रप्रभेशी.”

राणीसाहेबांच्या हातातला पंखा थांबला.

“ही चंद्रप्रभा कोण?”

“अहो, ते जुनं! नंतर माझं मन फिरलं ना!”

“मग स्नॅपशॉट कशाला ठेवलाय? मागं जायला?”

प्रधानजींना एकदम खोकल्याची उबळ आली. महाराजांच्या कपाळावर घाम दिसू लागला.

“पुसा! सगळे स्नॅपशॉट पुसा!”

“पण महाराजांची अट—”

“अट मी घातली, मीच उठवतो!”

“नक्की ना?” मंजुळाने नम्रपणे विचारलं. “की हा हुकूम काढण्याआधी एक स्नॅपशॉट घेऊ?”

“घेऊनच दाखव!” राणीसाहेब म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत चाळीत एवढी जागा झाली की रंभाजींना स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा वाटू लागला. पण महाराज चिडले होते. निरोप आला, “उद्या मी स्वतः बुद्धिबळ खेळत बसणार. डाव चालू असताना ते बिऱ्हाड हलवा. समोरचा पट क्षणभर जरी अडला, तरी रंभाजी सीमेपार!”

रंभाजी पुन्हा ताटाकडे बघत बसले. “चालू मशीन चालू ठेवूनच पलीकडे नेता येतं गं. पण शेवटच्या उडीला ते एक श्वास रोखतंच. त्याच श्वासाला महाराजांनी प्यादं उचललं, तर?”

“मामंजी, महाराज किती वेळ विचार करतात?”

“एका खेळीला? वारा घालणारे बदलून होतात!”

“झालं तर मग. आपण श्वास रोखायचा, तो त्यांनी रोखला की.”

दुसऱ्या दिवशी महाराज भर दरबारात पडद्यासमोर बसले, शेजारी राणीसाहेब. पलीकडून शेजारचा राजा खेळत होता. रंभाजी कोपऱ्यात कीबोर्डवर बोटं टेकवून उभे. मंजुळाचं लक्ष मात्र पडद्याकडे नव्हतंच. ती महाराजांच्या भुवयांकडे बघत होती.

घोड्याची पाळी आली. महाराजांनी हनुवटी तळव्यावर टेकवली. भुवया हळूहळू जवळ आल्या, आणखी जवळ आल्या, आणि एकमेकींना चिकटल्या. मंजुळाने मान हलवली. रंभाजींनी कळ दाबली.

बऱ्याच वेळाने महाराजांनी घोडा सरकवला आणि मांडीवर थाप मारली. “हं! आता हलवा बिऱ्हाड! बघतोच मी!”

“हललं, महाराज,” मंजुळा म्हणाली.

“हललं? कधी?”

“आपण घोड्याचा विचार करत होता तेव्हा.”

“खोटं! मला काहीच थांबलेलं दिसलं नाही!”

“अट तीच तर होती, महाराज.”

महाराज पटाकडे, मग तिच्याकडे, मग पुन्हा पटाकडे बघत राहिले. “आणि बाकीची बिऱ्हाडं?”

“ती आपल्या आधीच्या खेळ्यांमध्ये गेली. आपण एवढा वेळ दिलात, की अख्खं राज्य उचलून पलीकडे ठेवता आलं असतं. पण म्हटलं, राहू दे. महाराजांचा विचार संपला, की ते राज्य शोधत बसतील!”

आधी राणीसाहेब हसल्या. मग दरबाराने महाराजांच्या तोंडाकडे बघत श्वास रोखला. आणि महाराज असे खदखदून हसले, की त्यांचा हात लागून पडद्यावरचा वजीर भलत्याच घरात गेला!

“रंभाजी, तुम्ही कुठंही जायचं नाही!” त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून मंजुळाला दिला. “आणखी माग, पोरी!”

“नव्या प्लॅटफॉर्मवर एक रिकामा कोपरा द्यावा, महाराज. त्यात कुणी काही ठेवायचं नाही. आपणसुद्धा!”

“रिकामा? तो कशाला?”

“आपलं मन पुन्हा फिरेल ना, तेव्हा लागेल.”

महाराजांनी हसत हसत कोपरा दिला. त्याचा पासवर्ड मात्र राणीसाहेबांनी स्वतःकडे ठेवला.