ठकूचे तीन घाव

पाय आत घ्या. पांघरूण एकमेकांचं ओढू नका. हां, असं. आज आधी झाड येईल आणि राजा मागून येईल. राजाला सगळीकडे आधी यायची सवय असते, पण माझ्या गोष्टीत ती चालायची नाही.

तर एक होतं झाड. धामणीचं. साप नव्हे रे, झाड. त्याला काळी काळी गोड फळं येतात, त्याच्या सालीचा दोर होतो, आणि लाकूड तर असं चिवट की वाकेल पण मोडायचं नाही. डोंगराच्या कुशीत दांडेवाडी नावाचं गाव होतं. तिथली माणसं या लाकडाचे कुऱ्हाडीचे दांडे करत, कावडी करत आणि चार गावच्या बाजाराला नेत. त्यांचं पोटच धामणीवर होतं म्हणा ना.

आणि त्या गावात एक रीत होती. पोर आजारी जन्माला आलं, औषधपाणी हरलं, की आईबाप त्याला घेऊन सूर्य उगवताना रानात जायचे. मनगटाएवढं धामणीचं रोप बघायचं. कुऱ्हाडीनं ते मधोमध उभं चिरायचं. वर जोडलेलं, खाली जोडलेलं, मध्येच उघडं. मग पाचर मारून ती चीर रुंद करायची, आणि उघडं पोर तिच्यातून बापानं आईकडे द्यायचं. एकदा, दोनदा, तीनदा. मग पाचर काढायची, धामणीच्याच सालीनं झाड करकचून बांधायचं, वर शेणमाती लिंपायची. वर्षभरात चीर सांधली तर पोर जगलं. पोराचं दुखणं झाडानं आपल्या पोटात घेतलं, असं समजायचं.

पण दोन गोष्टी पाळायच्या, बरं का. ते झाड कधी तोडायचं नाही. आणि ते कुणाचं, हे आईबापांनी कुणालाही सांगायचं नाही. शेजाऱ्याला नाही, देवळात नाही, खुद्द पोरालाही नाही. तोंडातून शब्द गेला की झाड मोकळं झालं. मग ते दुखणं परत करतं. म्हणून गावात कुणी विचारतच नसे. खोडावर उभा व्रण दिसला की तोडणारा कुऱ्हाड खांद्यावर टाकून पुढं जायचा.

त्या गावात ठकू नावाची बाई होती. तिची दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसरी मुलगी झाली, तिला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून नाव ठेवलं धोंडी. पण धोंडीलाही जन्मापासून धाप. श्वास घेताना बरगड्या आत जायच्या आणि ओठ जांभळे पडायचे. मग ठकू आणि तिचा नवरा भिवा तिला रानात घेऊन गेले आणि झाडातून तीनदा काढली. वर्षात चीर सांधली. पोरगी रांगली, चालली, पळायला लागली. पुढं भिवा कड्यावरून पडून गेला. तेव्हापासून धोंडीचं झाड कोणतं हे जगात एकट्या ठकूला ठाऊक होतं. ती नवऱ्याच्या जागी बसून दांडे तासायची, आणि येताजाता, कुणी बघत नाही असं पाहून, एका झाडाला हात लावून यायची. झाड सरळ वाढलं होतं. तिला त्याचा फार अभिमान. वेडी गं बाई, सरळ वाढलं ते कशाला, असं आता म्हणावंसं वाटतं.

कारण आता येतो राजा.

राजाला दसऱ्याला नवी पालखी हवी होती. तिचा दांडा एकसंध हवा, बारा हात लांब, कुठं सांधा नको. त्यानं तीन सुतार धाडले. त्यांचा म्होरक्या राणोजी. त्यांना सांगून पाठवलं होतं की दसऱ्याला दांडा आला नाही तर तिघांचे हात मनगटापासून तोडू. राजा तसा होता. करून दाखवायचा.

सुतार तीन दिवस रान हिंडले. पहिल्या दिवशी एक झाड निवडलं, ते आतून पोखरलेलं निघालं. दुसऱ्या दिवशी दुसरं निवडलं, ते वर जाऊन वळलं होतं. तिसऱ्या दिवशी राणोजीनं कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे पात्याच्या मागच्या बोथट बाजूनं, एका खोडावर ठोकलं. घंटेसारखा खणखणीत आवाज आला. ते ठकूचं झाड होतं. धोंडीचं.

गावचा पाटील धावला. त्यानं व्रण दाखवला, रीत सांगितली, हे सोडून हवं ते घ्या म्हणाला. राणोजीनं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं गर्दीकडे बघून विचारलं, हे झाड कुणाचं आहे ते सांगा, मी त्याच्या पाया पडतो. सगळे गप्प. ठकू तिथंच उभी होती. ओठ उघडले असते तर पोरगी उभ्या जागी पडली असती. मग राणोजी म्हणाला, "या बाया रडतायत हे मला दिसतंय. पण मलाही दोन हात आहेत आणि घरी पाच पोरं आहेत. जेवतो आणि घाव घालतो."

सुतार ओढ्यावर भाकरी खायला बसले. कुऱ्हाडी झाडापाशी ठेवून गेले. आणि इथं ठकूला सुचलं, म्हणजे तिला वाटलं की सुचलं. ती जन्माची दांडेवाडीची. बोथट कुऱ्हाड घेऊन झाडाला हात लावायचा नाही, हे त्या गावात अंगणात खेळणाऱ्या पोरालाही कळतं. तिला वाटलं, सगळ्या जगालाच कळत असेल. तिनं एकेक कुऱ्हाड उचलली आणि काळ्या दगडावर पात्याची धार आपटून मोडली. एक, दोन, तीन. लोहाराचं गाव दोन दिवसांच्या वाटेवर. गावातलं कुणी या झाडासाठी आपली कुऱ्हाड देणार नाही, आणि लोहाराकडे जाऊन येईपर्यंत दसरा होऊन जाईल, मग कशाला तोडतील, असा तिचा हिशेब. घरी जाऊन तिनं धोंडीला कधी नाही ते मांडीवर घेतलं. बारा वर्षांची घोडी, पण घेतलं.

सुतार परत आले. पाती बघितली. दोघं रडायला लागले. राणोजीनं एकदा आपल्या हातांकडे पाहिलं आणि तीच कुऱ्हाड उचलली.

पोरांनो, धारदार कुऱ्हाड कापते. बोथट कुऱ्हाड चेचते. जे झाड पंचवीस घावांत पडलं असतं ते दुपारभर चेचत राहिले. पहिला घाव बसला तेव्हा धोंडीच्या हातातून भांडं सुटलं. दुसरा बसला तेव्हा ती गुडघ्यावर आली. तिसरा बसला तेव्हा तिचे ओठ जांभळे झाले, आणि ठकूला कळलं की आपण काय केलं. त्यापुढचे घाव तिनं मोजले नाहीत. पण ते सगळे ऐकू येत होते, आणि प्रत्येकाला पोरगी "आई" म्हणत होती. झाड पडलं तेव्हा तिचं "आई" म्हणणंही थांबलं. श्वास तेवढा राहिला. तोही वीत वीत अंतरानं.

सुतार दांडा घेऊन गेले. मागं राहिला बुंधा. वर सगळ्या चिंध्या झालेल्या, साल सुटलेली.

गावात म्हाळूबाबा म्हणून एक म्हातारा होता. आयुष्यभर दांडे केलेला, आता डोळे गेलेला. तो काठी टेकत ठकूच्या दारात आला. आत आला, चाचपत धोंडीच्या उशाशी बसला आणि आपला तळवा तिच्या नाकापुढं धरला. मग म्हणाला, "ठकू, मी तुला काही विचारत नाही. तू काही सांगू नकोस. भिवाची कुऱ्हाड कुठं आहे?"

ठकू समजली. धामण तोडली तरी मरत नाही, बरं का. बुंध्यातून फुटते. पण चेचलेला बुंधा फुटत नाही, कुजतो. तो फुटायला हवा असेल तर पुन्हा जमिनीलगत उतरवावा लागतो. स्वच्छ, तिरका, लखलखीत धारेनं. आणि पोर झाडातून तीनदा काढलेलं असलं तर तीनच घावांत. चौथा घाव चालत नाही. म्हणजे काय, कळलं का? दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून पोरीच्या झाडावर आईनं स्वतः कुऱ्हाड चालवायची.

ठकूनं आढ्यातून कुऱ्हाड काढली. दगडावर पाणी शिंपडून धार लावायला बसली. किती वेळ लावली? डोक्यातला केस धारेवर धरला आणि तो तुटून पडला, इतका वेळ. तेवढा वेळ म्हाळूबाबाचा तळवा हलला नाही. मग ती निघाली. दारात थांबून तिनं मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर गेली नसती, मी सांगते.

रानात सकाळचं ऊन होतं. पाखरं नेहमीसारखी ओरडत होती. ठकूनं बुंध्याला हात लावला, चिंध्या झालेल्या लाकडाची माफी मागितली, पाय रोवले आणि पहिला घाव घातला.

घरी धोंडीचा श्वास थांबला. म्हाळूबाबानं दहा मोजले, पंधरा मोजले, मग एक श्वास आला.

ठकूला हे दिसत नव्हतं. तिला काहीच कळायला मार्ग नव्हता. तिनं दुसरा घाव घातला.

श्वास पुन्हा थांबला. म्हाळूबाबानं तीसपर्यंत मोजले. आला.

आता तिसरा. मांडीएवढा बुंधा, अजून अर्धा जोडलेला. चुकला तर चौथा नाही. तिला आठवलं, भिवानं याच झाडातून पोरगी तिच्या हातात दिली होती आणि तिसऱ्यांदा देताना म्हणाला होता, आता घट्ट धर. तिनं दांडा घट्ट धरला आणि घाव घातला. बुंधा सुरीनं काकडी कापावी तसा उतरला.

घरी म्हाळूबाबा मोजत राहिला. शंभर झाले. त्याला पुढचे आकडे येत नव्हते, म्हणून त्यानं पुन्हा एकपासून सुरुवात केली. दुसऱ्यांदा शंभर व्हायच्या आत त्याच्या तळव्याला ऊब लागली. पण फार थोडी.

ठकू घरी आलीच नाही. येऊन काय बघणार? ती बुंध्यापाशी बसली. पहिल्या दिवशी ऊन लागू नये म्हणून पदर धरून बसली. दुसऱ्या दिवशी शेळ्या आल्या, त्यांना तिनं हाकललं, आणि हाकलता हाकलता एका शेळीच्या गळ्यात पडून रडली. तिसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागली. ती एकेक मुंगी बोटानं बाजूला करत होती, तेव्हा सालीच्या कडेला तिला तांबूस ठिपका दिसला. मोहरीएवढा. मग दुसरा. मग तिसरा.

ती उठली आणि पळत घरी गेली. धोंडी उठून बसली होती. पेज हवी म्हणत होती. म्हाळूबाबा भिंतीला टेकून घोरत होता, पण त्याचा हात अजून तसाच पुढं धरलेला होता.

राजाचं काय झालं म्हणता? दसऱ्याला तो नव्या पालखीत बसला. पण झाडानं पोरीचं दुखणं पोटात ठेवलेलं होतं ना, त्यातलं निम्मं त्या लाकडात राहिलं होतं. पहिल्या वेशीला राजाला धाप लागली. दुसऱ्या वेशीला त्याचे ओठ जांभळे झाले. तिसऱ्या वेशीला भोयांनी पालखी उतरवली, पडदा उघडला आणि लगेच बंद केला. राणोजीचे हात वाचले. पण पुढं त्यानं कधी झाड तोडलं नाही, मातीची भांडी करून पोट भरलं.

इकडे बुंध्याला तीन फुटवे आले. दांडेवाडीची रीत अशी की एक ठेवायचा आणि दोन छाटायचे, म्हणजे ठेवलेला सरळ आणि जाड होतो. ठकू कोयता घेऊन गेली आणि तशीच परत आली. तिच्यानं छाटवेना. तिन्ही राहिले. एकमेकांत अडकले, वाकले, पिळले. ना दांड्याच्या कामाचं झाड, ना कावडीच्या, ना पालखीच्या. गावातले लोक हसायचे, हे कुणी असं वाढू दिलं म्हणून. ठकू त्यांच्याबरोबर हसायची. आता त्या झाडाकडे कुठला राजा ढुंकून बघणार नव्हता.

धोंडी मोठी झाली. लग्न होऊन शेजारच्या आळीत गेली, तिला मुलं झाली. एकदा ती आईजवळ बसून फळं निवडत होती. सहज म्हणाली, "आई, मी आजारी पडले तेव्हाचं मला थोडं आठवतं. दुपारभर कुणीतरी मला मारत होतं. फार दुखत होतं. मग शेवटी तीन घाव बसले. ते दुखलेच नाहीत गं. ते कुणी घातले?"

ठकूच्या हातातलं फळ तसंच राहिलं. तिला सांगायचं होतं. पण सांगता येत नव्हतं, माहीत आहे ना? ती म्हणाली, "मला काय माहीत बाई. तापात काहीतरी दिसलं असेल."

धोंडीनं आईचा हात उलटा करून बघितला. कुऱ्हाडीच्या दांड्यानं पडलेले जुने घट्टे होते. तिनं त्यावर काळी फळं ठेवली आणि पुन्हा काही विचारलं नाही.

मग सगळे सुखानं राहिले, जसं राहायचं तसं. ते झाड कुठं आहे ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असलं तरी तुम्हाला सांगायची नाही. चला, कूस बदला. ज्याचा त्याचा श्वास ज्यानं त्यानं शांतपणे घ्या. मी ऐकत बसते.