धुरपदाच्या मंजुळा

फार वर्षांपूर्वी, वडझिरीला ना रस्ता होता ना दवाखाना, तेव्हाची ही गोष्ट. तिथे धुरपदा नावाची एक सुईण राहायची. विधवा बाई, अंगापिंडाने किडकिडीत, पण तिच्या हातात आडवं मूलही सरळ व्हायचं, असं म्हणतात.

बाई सुटायची, पण मूल पुढे जगायचं नाही. पाचव्या दिवशी कामावर जायचं आणि पोटात कण्यांची पेज. आईला दूध यायचं नाही, मग मूल वाळत जायचं. धुरपदा चिडायची. म्हणायची, "म्या सोडवून काय उपेग, घरात खायालाच न्हाय तर?"

तिच्याकडे एकच शेळी होती, काळी, एक कान पांढरा. नाव मंजुळा. शेळीला बाईमाणसाचं नाव म्हणून गाव हसायचं. एके दिवशी तिने ती व्यालेली शेळी हौसा नावाच्या बाळंतिणीच्या दारात नेऊन बांधली. फुकट नाही, उसनी. अटी अशा होत्या: सव्वा महिना दूध बाळंतिणीनेच प्यायचं. लेकराला शिवण्याआधी गरम पाण्याने हात धुवायचे. पहिलं मादी करडू वाढवायचं आणि ते व्यालं की धुरपदा सांगेल त्या घरी द्यायचं. बोकड मात्र ज्याचे त्याने विकावे. शेवटची अट कुणालाच कळली नाही. दिलेल्या प्रत्येक शेळीचं नाव मंजुळाच ठेवायचं.

एका शेळीच्या दोन झाल्या, दोनाच्या पाच. बोकडाच्या पैशांत कुणी छप्पर शाकारलं, कुणी बी आणलं. हात धुण्याला आधी सगळ्यांनी नाकं मुरडली, पण लेकरं जगायला लागल्यावर नाकं आपोआप सरळ झाली.

मग भागाबाईच्या घरी पाळी आली. भागाबाई म्हणजे सोवळ्याओवळ्यात गावाची शेवटची कचेरी. तिचा एकुलता एक निवृत्ती, त्याची बायको केरा बाळंत झाली आणि पार गळून गेली. अंगावर दूध नाही, मूल रडायचंही थांबलं. द्यायची शेळी तयार होती ती ओढ्यापलीकडे हौसाकडे. आणि हौसाचा सासरा दोनच दिवसांपूर्वी वारला होता.

"सुतकाच्या घरचं दूध माज्या बाळंतिनीला नगं," भागाबाई म्हणाली. "धा दिस जाऊ द्या."

दहा दिवस केराकडे नव्हते. निवृत्ती आईपुढे बोलू शकत नव्हता, नुसता खांब धरून उभा होता. बातमी कळली तशी धुरपदा आली आणि उंबऱ्यावर बसली.

"भागाबाई, निवृत्ती झाला तो दिस आठवतो?"

"न आठवायला काय झालं? दोन दिस अडले व्हते मी. तू व्हतीस म्हनून वाचले."

"त्या सकाळी माजी पोर गेली. दीड वर्साची. तिला धडुत्यात गुंडाळून ठिवली, तेवढ्यात तुजी हाक आली. हात धुतले अन् आले. गावाला सांजच्याला सांगितलं. तुजा ल्योक सुतकाच्याच हातावर जल्मलाय. बग, खांबाएवढा झालाय."

भागाबाईने निवृत्तीकडे पाहिलं.

"नाव काय व्हतं गं पोरीचं?" तिने विचारलं.

"मंजुळा."

आजवर केलेल्या थट्टेची भागाबाईला लाज वाटली. ती उठली आणि स्वतः शेळी आणायला निघाली. ओढा त्या दिवशी दुथडी वाहत होता. पण ती काठावर पोचली तर शेळी अलीकडेच उभी, अंग कोरडं, कास भरलेली. पाण्याने तिला वाट दिली, असं म्हणतात. हौसा नंतर सांगायची की केराचं कळताच तिच्या नवऱ्याने शेळी खांद्यावर घेऊन ओढा पार केला आणि सुतकी म्हणून तो झाडामागे थांबला. गावाला पाण्याने वाट दिल्याचंच जास्त पटतं.

केरा जगली. मूलही जगलं. धुरपदा पुढे पिकलं पान होऊन गेली. तिच्या तिरडीमागे सगळ्या शेळ्या न हाकता ओळीने चालल्या, असं म्हणतात.

आता वडझिरीला रस्ता आहे आणि दवाखानाही जवळ आहे. तरी शेळीचं पहिलं मादी करडू तिथे कुणी विकत नाही. ते वाढवतात आणि व्यालं की बाळंतिणीच्या दारात नेऊन बांधतात. देणारी आणि घेणारी एकाच घंगाळातल्या गरम पाण्याने हात धुतात. गावात कुठे सुतक असलं, तर बाळंतिणीसाठी दुधाचा पहिला पेला त्याच घरातून मागून आणतात. तो आणायला बाळंतिणीची सासू स्वतः जाते. संध्याकाळी चरून आलेल्या कळपाकडे बघून कुणी मंजुळा म्हणून हाक मारली, तर निम्मा कळप मान वळवतो. दीड वर्षाच्या त्या पोरीला एवढ्या हाका कधीच मिळाल्या नसत्या.