ब्राउझरचे लंघन

एकदा एका वृद्ध वैद्यांकडे त्यांची जुनी शिष्या लॅपटॉप पोटाशी धरून आली. वनौषधींच्या दुर्मीळ पोथ्यांची इंटरनेटवरील पाने नऊ वर्षे धुंडाळून तिने अकराशे बुकमार्क जमवले होते, आणि त्यांवरच तिचा ग्रंथ उभा राहायचा होता. पण आठवड्यापासून तिच्या ब्राउझरच्या जणू अंगात आले होते. शोधावी गुळवेल, तर उघडे रमीचा डाव. मध्येच ‘तुमचा संगणक धोक्यात आहे’ अशी लाल पाटी.

वैद्यांनी सारे शांतपणे ऐकले आणि ते म्हणाले, “ब्राउझर रीसेट कर.”

रीसेट म्हणजे बुकमार्कसकट सारे पुसले जाणार, असे शिष्येला वाटले. वैद्यही त्याच विषयावर लिहीत होते. गेल्या वर्षी त्यांनी हे संदर्भ मागितले, तेव्हा ‘पाहू’ म्हणून तिने वेळ मारून नेली होती. आपल्याला मिळाले नाही, मग हिलाही नको, असा तर यांचा बेत नसेल? गुरूंविषयी असे मनात यावे याची तिला लाज वाटली, पण विचार काही हटेना.

“नऊ वर्षांच्या कष्टांवर पाणी पडेल, गुरुजी.”

“नाही पडणार. तरी बुकमार्कची एक प्रत पेनड्राइव्हवर उतरव आणि तुझ्या पर्समध्ये टाक. मला देऊ नकोस.” एवढे बोलून त्यांनी खुर्ची फिरवली आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले. “आता सेटिंग्जमध्ये जा. बटण दाबण्याआधी तिथं काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच.”

हे आणखी काय नाटक, असे तिला वाटले. प्रत उतरवून झाल्यावर तिने वाचले: एक्सटेन्शन बंद होतील, सुरुवातीचे पान मूळचे होईल, कुकीज पुसल्या जातील, बुकमार्क, इतिहास आणि जतन केलेले पासवर्ड पुसले जाणार नाहीत. शेवटचे वाक्य तिने दोनदा वाचले. तरी बोट पुढे जाईना.

“रोग्याला विचारतो तेच विचारतो,” वैद्य पाठमोरेच म्हणाले. “नवीन काय पोटात घातलंस?”

“एक मोफत पंचांगाचं एक्सटेन्शन ब्राउझरला जोडलं होतं... पंधरवड्यापूर्वी.”

“त्यानं कसली परवानगी मागितली होती?”

तिला आठवेना. तिने ते उघडून पाहिले. ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमची सर्व माहिती वाचणे व बदलणे,’ असे तिथे स्वच्छ लिहिले होते. खाली तिनेच दिलेली परवानगी होती.

वैद्य हसले. “लंघनानं, उपासानं, शरीर जात नाही; साचलेला आम, न पचलेला मळ, तेवढा जातो. तुझ्या संशयाला मी नावं ठेवत नाही. संशयी माणसांनीच पोथ्या राखल्या. पण कोण कुठला पंचांगवाला, त्याला न वाचता घराच्या किल्ल्या दिल्यास, आणि वीस वर्षं ओळखतेस त्या म्हाताऱ्यापासून संदर्भ लपवतेस!”

तिने मान खाली घातली आणि बटण दाबले. ब्राउझर कोऱ्या पानावर उघडला. चार ठिकाणी पुन्हा लॉग-इन करावे लागले, पण अकराशे बुकमार्क जागच्या जागी होते.

“पंचांग नुसतं बंद झालंय, गेलेलं नाही. ते काढून टाक,” वैद्यांनी बजावले.

तिने ते काढले. मग पेनड्राइव्ह पर्समधून काढून पुढे केला. “ही प्रत तुमच्याकडे असू द्या, गुरुजी. मागच्या वर्षीच द्यायला हवी होती.”

वैद्यांनी खुर्ची वळवली. “नीट विचार करून देतेस ना?”

“हो,” ती म्हणाली, “या वेळी वाचून देतेय.”