टिटवीची अंडी आणि गुहेतला सर्व्हर

नदीच्या एका मोठ्या वळणावर जंगल होतं आणि त्या जंगलात एक हुशार माकड राहत असे. जंगलाचा सर्व्हर तेच सांभाळायचं. आता मुलांनो, जंगलात सर्व्हर कुठून आला असं विचारू नका. माकड बोलतं हे तुम्ही मुकाट्याने ऐकून घेता, मग सर्व्हरपाशीच तुमचं घोडं का अडावं? बारमाही धबधब्याशेजारी एक कोरडी, गार गुहा होती. धबधब्यावर बसवलेल्या चक्कीतून वीज यायची आणि तिच्यावर गुहेतलं मोठं यंत्र चालायचं.

यंत्र एकच, पण त्याच्या पोटात आणखी पुष्कळ यंत्रं होती. हात लावता येईल अशी नव्हेत, व्हर्च्युअल. म्हणजे असं बघा, एकाच वडावर कावळ्याचं घरटं असतं, साळुंकीचं असतं, खारीचं असतं. कावळ्याचं घरटं मोडलं तरी साळुंकीचं काही बिघडत नाही. पण खोडच हललं तर सगळ्यांचंच हलतं. तसं या यंत्रात मुंग्यांच्या कोठाराचं एक मशीन होतं, मधमाश्यांच्या फुलांच्या नकाशाचं एक होतं आणि नदीच्या पाण्यावर नजर ठेवणारंही एक होतं. या सगळ्यांना पोटात घेणारं मोठं यंत्र म्हणजे होस्ट. होस्टला चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे या वडाचं खोड. एवढं समजलं की पुढची गोष्ट सोपी आहे.

नदीच्या वरच्या अंगाला माणसांचं धरण होतं. भर उन्हाळ्यात शेतीसाठी त्यातून पाण्याचं आवर्तन सुटायचं आणि कोरडी पडत आलेली नदी बघता बघता फुगायची. नदीच्या मधोमध खडी-वाळूचं एक बेट होतं. टिटवी तिथे अंडी घालायची. टिटवीचं घरटं ते कसलं, चार खडे बाजूला सारून केलेला खळगा. पाणी आलं की तो जायचाच. म्हणून धरणाखाली पाणी वाढताच नदीवरचं मशीन भोंगा वाजवायचं. मग माकड पानांचा द्रोण घेऊन बेटाकडे धावायचं आणि अंडी काठावर आणून ठेवायचं. टिटवीला पंख आहेत, ती वाचतेच. अंड्यांना पंख नसतात.

त्या वर्षी एक अडचण आली. ऑपरेटिंग सिस्टीम बनवायचे ते डोंगरापलीकडचे सुतारपक्षी. त्यांनी निरोप धाडला, "तुमच्या होस्टवरची सिस्टीम फार जुनी झाली. यापुढे आम्ही तिची डागडुजी करणार नाही. दुसरी निवडा." निवड करायची म्हणजे पाणवठ्यावर सभा भरवायची, हा तिथला रिवाज. सभेचा नियमही जुना होता. जो आला नाही, त्याचा सभेत ठरेल त्याला होकार आहे असं धरायचं. नियम कोणी केला, का केला, कोणालाच ठाऊक नव्हतं, पण सोयीचा होता. सोयीचे नियम फार टिकतात.

सभा भर दुपारी भरली. अस्वल अध्यक्षस्थानी होतं. माकडाने दोन नव्या सिस्टीम दाखवल्या. पहिली 'नवलाई'. पडद्यावर रंग असे उमलले की मोर जागच्या जागी पिसारा फुलवून उभा राहिला. दर पंधरवड्याला तिचं नवं रूप यायचं. दुसरी 'थारा'. तिच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं तेवढी होती.

"हिच्यात काय आहे?" मोराने मान वेळावून विचारलं.

"काही नाही," माकड म्हणालं. "मशीनं सांभाळते. वर्षानुवर्षं तिच्यात फारसा बदल होत नाही. काही बिघडलं तर सुतारपक्षी गुपचूप तेवढंच दुरुस्त करून देतात."

"म्हणजे कंटाळवाणी," मोर म्हणाला.

साळिंदराला दोन्ही नको होत्या. "जुनं ते सोनं. आहे तीच राहू दे. इतकी वर्षं कधी कुरकुरली का ती?"

"साळिंदरकाका, वाळवी लागलेलं झाडही कुरकुरत नाही," माकड म्हणालं. "तिची डागडुजीच बंद झालीय. उद्या भोक पडलं तर बुजवणार कोण?" हे बोलणं अगदी बरोबर होतं. पण खरं सांगायचं तर माकडाचाही जीव नवलाईवर जडला होता. दिवसभर त्या पडद्यासमोर बसायचं होतं त्यालाच. शिवाय नवलाईत फळं झेलण्याचा एक खेळ होता.

"हात वर करा," अस्वल म्हणालं. नवलाईसाठी पुष्कळ हात, पंजे आणि पंख वर गेले. "आणि जे आले नाहीत त्यांचा होकार. झालं तर मग."

न आलेल्यांत टिटवी होती. ऊन इतकं तापलं होतं की वाळूवर अंडी उकडून निघाली असती. नर आणि मादी आळीपाळीने नदीत पोट भिजवून यायचे आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवायचे. एक उठला की दुसरा बसायचा. दोघांपैकी कोणालाही बेट सोडून सभेला जाणं शक्य नव्हतं. होस्टच्या भरवशावर जंगलात सगळ्यात जास्त ती जगत होती, आणि होस्टची निवड झाली तेव्हा तिला कोणी विचारलं नाही. तिचा होकार मात्र धरला गेला.

नव्याचे नऊ दिवस मजेत गेले. मुंग्या कोठाराचं रंगीत चित्र बघून खूश होत्या. माकड खेळात फळं झेलत होतं. मधूनच नवलाई विचारायची, "नवं रूप आलं आहे, लावू का?" माकड खेळाच्या भरात म्हणायचं, "नंतर बघू." असं पुष्कळदा झालं. शेवटी एका दुपारी नवलाईने विचारणं सोडून दिलं. तिने आपणच नवं रूप उतरवून घेतलं आणि ते अंगी लावण्यासाठी होस्ट बंद करून पुन्हा चालू करायला घेतला. खोड हललं, तशी वरची सगळी घरटी हलली. मुंग्यांचं मशीन बंद, मधमाश्यांचं बंद आणि नदीवर नजर ठेवणारंही बंद. पडद्यावर एक सुंदर मोरपंखी चक्र फिरत राहिलं.

"थोडा वेळ काम थांबलं तर काय बिघडतं?" असं म्हणून मुंग्यांनी सावलीत अंग टाकलं. मधमाश्यांनी नकाशाशिवायच फुलं शोधली. त्यांचं खरंच काही बिघडलं नाही.

त्याच दुपारी धरणातून आवर्तन सुटलं.

भोंगा वाजला नाही. माकडाला कळलं ते टिटवीच्या ओरडण्यावरून. द्रोण घेऊन ते जिवाच्या आकांताने धावलं, पण काठावर पोचलं तेव्हा बेट दिसतच नव्हतं. गढूळ पाण्यावर टिटवी आणि तिचा नर घिरट्या घालत होते, खाली झेपावत होते, पुन्हा वर येत होते. चारही अंडी गेली होती. माकड गुडघाभर पाण्यात उभं राहिलं. त्याला रडू फुटलं आणि ते त्याने लपवलं नाही.

पाणी ओसरल्यावर ते टिटवीपाशी गेलं. "टिटवीताई, मी चुकलो," ते म्हणालं. "होस्ट थोडाच वेळ बंद होता, पण..."

"मुंग्यांसाठी थोडाच वेळ असेल, माकडदादा," टिटवी म्हणाली. ती चिडली नव्हती. तिच्यात चिडायचं त्राणच उरलं नव्हतं. "ज्याचं जळतं त्याला कळतं. आणि मी कधी हो म्हटलं होतं रे त्या नवलाईला?"

माकड तिच्यासमोर वाळूत बसलं. मग त्याने विचारलं, "पुन्हा अंडी घालशील?"

"घालेन. उन्हाळा अजून बराच आहे. आठवडाभराने घालेन." ती म्हणाली. "पण तुझ्या भोंग्यावर विसंबू की नको, ते तू मला त्याआधी सांग. नाही तर मी दुसरी नदी बघते. तिथे साप आहेत म्हणतात, पण सापाचा निदान अंदाज तरी असतो."

माकड थेट अस्वलाकडे गेलं. "अस्वलकाका, सभा पुन्हा बोलवा. पण या वेळी पाणवठ्यावर नको, बेटावर."

"बेटावर? सगळ्या जंगलाने वाळू तुडवत जायचं? रिवाज काय सांगतो?"

"रिवाजाने चार अंडी गेली, काका."

अस्वलाने कान खाजवला. मग ते उठलं आणि पाण्यातून चालत बेटाकडे निघालं. अध्यक्षच निघाले म्हटल्यावर बाकीचेही मागोमाग गेले. मोराला ओल्या वाळूत पाय घालणं जिवावर आलं होतं, तरी तोही आला.

या वेळी माकडाने पडदा आणलाच नाही. ते टिटवीसमोर बसलं आणि म्हणालं, "ताई, रंगरूप सोड. तू विचार, मी सांगतो."

टिटवीला सर्व्हरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तिला फक्त आपली भीती ठाऊक होती. "ती जुनी सिस्टीम कशाला नको?"

"आज चालेल. पण बिघडली तर दुरुस्त करणारं कोणी नाही, आणि कधी बिघडेल ते सांगता येत नाही."

"आणि नवलाई?"

"तिला दुरुस्त करणारे आहेत. पण ते सारखे काहीतरी बदलत असतात. आजचं उद्या नसतं."

"थारा?"

"तिचे सुतारपक्षी पुढची कित्येक वर्षं तिच्याकडे बघणार आहेत, तसा त्यांनी शब्द दिलाय. बिघडलेलं तेवढं नीट करतात, चांगल्याला हात लावत नाहीत."

"ती कधीच बंद होणार नाही का?"

हा प्रश्न अवघड होता. हो म्हटलं असतं तर टिटवीला बरं वाटलं असतं. माकड खरं बोललं. "होईल, ताई. दुरुस्तीनंतर कधी कधी तिलाही बंद करून चालू करावं लागतं. पण मी सांगेन तेव्हाच ती बंद होते, आपल्या मनाने नाही. आणि मी तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही. बेटावर अंडी असताना तर मुळीच नाही."

"आणि ती दुरुस्तीच बिघडलेली निघाली तर?"

"गुहेत एक लहान यंत्र धूळ खात पडलंय. दुरुस्ती आधी त्याच्यावर करून बघेन. तिथे चार दिवस नीट चालली, तरच होस्टवर."

टिटवी म्हणाली, "मग थारा." कोणी हात वर करायला सांगितलं नाही. साळिंदर मात्र पुटपुटलं, "म्हणजे माझं निम्मं बरोबर होतं." ते निम्मं बरोबर होतंच, त्यामुळे त्याला कोणी खोडून काढलं नाही.

टिटवीने अंडी घालायच्या आत माकडाला सगळं उरकायचं होतं. त्याने प्रत्येक मशीनची नक्कल आधी लहान यंत्रावर काढून ठेवली, मग होस्ट पुसून त्यावर थारा बसवली. खेळ घातला नाही, गाणी घातली नाहीत. "निदान पडद्याला जरा रंग तरी दे," मोराने येऊन सुचवलं. माकड म्हणालं, "खोडाला फुलं कशाला? ती फांद्यांवर येऊ देत." मशीनं एकामागून एक परत चालू केली. भोंगा इतक्या वेळा वाजवून बघितला की सगळं जंगल वैतागलं.

टिटवीने पुन्हा चार अंडी घातली. उन्हाळा सरत आला. मध्ये एकदा थाराची दुरुस्ती आली. माकडाने ती लहान यंत्रावर लावून बघितली आणि होस्टवरची तशीच थांबवून ठेवली. बेटावर टिटवी बसलेली होती ना. एका सकाळी मुंग्यांनी आपल्या मशीनमध्ये काहीतरी नसता उद्योग केला आणि ते धाडकन बंद पडलं. मुंग्यांची धावपळ उडाली, पण बाजूच्या मशीनांना त्याचा पत्ताही लागला नाही. होस्ट आपला शांतपणे चालत राहिला.

त्याच सकाळी भोंगा वाजला.

माकड धावलं. पाणी अजून वरच्या वळणावर होतं. त्याने चारही अंडी एकेक करून द्रोणात घेतली, छातीशी धरली आणि काठावरच्या उंच खडीत अलगद ठेवली. ती ठेवताना एक अंडं त्याच्या तळहातावर आतून हललं. थोड्या वेळाने बेट पाण्याखाली गेलं.

माकडाच्या मनात टिटवीला पुष्कळ सांगायचं होतं. थारा किती छान चालली, दुरुस्ती कशी थांबवून ठेवली, मुंग्यांचं मशीन पडूनही नदीचं कसं चालू राहिलं. ते तोंड उघडणार तेवढ्यात टिटवी अंड्यांवर बसली. तिने डोळे मिटले. सर्व्हरचं नावही काढलं नाही. सगळ्या जंगलात त्या दिवशी कोणाच्याच तोंडी ते नाव आलं नाही. माकड थोडा वेळ वाट बघत उभं राहिलं. मग त्याच्या लक्षात आलं की आपली धडपड याचसाठी तर होती, कोणाला सर्व्हरची आठवणही येऊ नये म्हणून. ते आवाज न करता गुहेकडे परतलं.

तात्पर्य म्हणून एवढंच ध्यानात ठेवा : ज्याच्या आधारावर अनेकांचे संसार चालतात, ते निवडताना डोळ्यांना काय आवडतं हे बघू नये. ते बंद पडल्यावर ज्याचं सगळ्यात जास्त जाणार आहे, त्याला आधी विचारावं, आणि तो आला नसेल तर आपण त्याच्याकडे जावं.