जलद्वाराची नेमणूक

एका राज्यात माणसांना कामं नेमून देण्याचा मान मृगावतीबाईंकडे होता. राजा शिक्का उमटवी, पण माणूस निवडीत त्या. त्यांचे पती इंद्रदत्त डोंगरावरच्या तळ्याचे द्वारपाल होते. ते वारले त्या दिवशी जलद्वाराचं चाक थिजलं आणि नगरात पाणी येईनासं झालं.

तळं बांधणाऱ्या मांत्रिकाने शाप देऊन ठेवला होता. द्वारपालाची निवड चुकली, तर योग्य निवड होईपर्यंत नेमलेल्या माणसाचा बगळा होईल. तिसऱ्यांदा चुकली, तर तळं कायमचं आटेल.

मृगावतीबाईंनी तीन कसोट्या ठरवल्या. तळ्याच्या नव्वद पायऱ्या एका दमात चढणे, शीळ घालून पाण्याला हाक मारणे, डाव्या हाताने दगडी जातं फिरवणे. दोघेजण तिन्ही कसोट्यांना उतरले. चाकाला हात लावताच दोघांचे बगळे झाले. तेव्हापासून ते तळ्याच्या भिंतीवर बसून भांडत.

तिसरी आली सगुणा, विहिरी खणणारी. एक पाय अधू. पायऱ्या चढताना ती पाच वेळा बसली.

"ही पहिल्याच कसोटीत गेली," एक बगळा म्हणाला.

"शीळ घाल," मृगावतीबाई म्हणाल्या.

"पुढचे दात पडलेत, बाईसाहेब. नुसता वारा जातो."

दुसरा बगळा हसला. सगुणाने भिंतीला तळहात टेकला. मग कानही लावला.

"पाणी भिंतीला रेटतंय," ती म्हणाली. "चाक एकदम फिरवलं तर भिंत जाईल. थोडं थोडं सोडायला हवं. पण बाईसाहेब, पाण्याला शीळ कशाला लागते?"

मृगावतीबाई पायऱ्यांकडे पाहू लागल्या. शीळ इंद्रदत्त घालीत. ते डावखुरे होते. पायऱ्या ते धावत चढत, आणि वर पोचले की मागे वळून बाईंची वाट पाहत.

बाईंनी कसोट्यांचं ताडपत्र काढलं आणि तिन्ही कसोट्या खोडल्या.

"हा अन्याय आहे!" पहिला बगळा ओरडला. "आम्ही धापा टाकत चढलो, आणि हिला सूट?"

"सूट नाही. कसोट्याच चुकीच्या होत्या. मी द्वारपाल शोधत नव्हते, गेलेला माणूस शोधत होते. शिक्षा मात्र तुम्ही भोगलीत. सगुणा, चाक तुझं."

सगुणाने दोन्ही हातांनी चाक धरलं, वीतभर फिरवलं आणि थांबली. बाई त्या हातांकडे पाहत राहिल्या. ते हातच राहिले. भिंतीखालून बोटभर धार निघाली आणि नगराच्या वाटेला लागली.

भिंतीवरून दोन माणसं धपकन खाली आली. अंगावरची पिसं झटकत एकाने विचारलं, "आता आमचं काय?"

मृगावतीबाई पायरीवर बसल्या. कोरं ताडपत्र त्यांनी मांडीवर घेतलं.

"तुम्हाला काय काय येतं?"

 दोघांतला थोरला संकोचून म्हणाला, "मला होड्या बांधता येतात."

सगळं लिहून घ्यायला बराच वेळ गेला. तोवर खाली नगरातले रांजण भरत आले होते.