बसणीचं तळं

टेकडीच्या पोटाशी हे तळं दिसतंय, त्याला बसणीचं तळं म्हणतात. भाद्रपद सरत आला, काशाच्या गवताला पांढरे तुरे आले, की सर्वपित्रीच्या अवसेला इथे कुणी घागर बुडवत नाही, म्हैस सोडत नाही. वाडीतल्या बाया काठावर येऊन बसतात आणि तळ दिसेपर्यंत एक शब्द बोलत नाहीत. नवी सून विचारते, ही पूजा कशाची? पूजा कशाचीच नाही. नुसतं बसायचं. का, ते असं सांगतात.

फार मागे वाडीत बयजा नावाची बाई होती. म्हाळू तिचा एकुलता लेक, येसू सून. एका श्रावणात झड लागलेली, तळं सांडव्यावरून वाहत होतं. म्हाळू म्हशी घेऊन इकडे आला. सांजेला म्हशी आपल्या आपण दारात आल्या, म्हाळू काही आला नाही. कुणी म्हणालं, तळ्याने घेतला. कुणी म्हणालं, मीठ आणायला बैलांचा तांडा घाट उतरत होता, त्याच्यामागे गेला असेल; त्याला घाटाखालचं वेड होतंच. पाणी गेरूसारखं लाल. आतलं कुणाला दिसणार?

पितृपक्ष जवळ आला. लेक गेला असेल, तर त्याच्या नावाचं पान वाढायला हवं, नाहीतर तो उपाशी भटकणार. पण जित्या लेकाचं पान कोणती आई वाढेल? आणि येसूने कुंकू ठेवायचं की पुसायचं?

बयजाची जाऊ कोंडाबाई समजुतीने म्हणाली, "पाणी निवळू दे गं. तळ दिसला की काय ते कळेल."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बयजा लांब बांबू घेऊन काठावर उभी. पाणी निवळायला लागलं की ढवळायची, पुन्हा निवळायला लागलं की पुन्हा ढवळायची. पाणी गढूळ आहे तोवर म्हाळू तांड्याबरोबर आहे, बैल हाकतोय, कुठेतरी हसतोय.

आणि मग, म्हणे, ऋतूच अडला. ढग टेकडीवर बसून राहिले. बरसेनात की हलेनात. काशाला तुरा येईना. नाचणीची कणसं दाणा भरायच्या आधीच काळी पडली. ते पाणी पिऊन गुरांची पोटं फुगली.

"तुझ्या एका लेकापायी साऱ्या वाडीला गाळ पाजतेस का?" कोंडाबाई एक दिवस बोललीच.

"तुझे सगळे घरात आहेत," बयजा म्हणाली. "तुला निवळ पाणी गोडच लागणार."

आईच्या हातातली काठी ओढायला कुणाचा हात उठेना.

अवसेच्या सकाळी एक गोसावी तळ्यावर आला, पाणी मागू लागला. येसूने ओशाळून तांब्या पुढे केला. "गढूळ आहे, महाराज. निवळीचं बी उगाळून निवळून देते."

"राहू दे," म्हणत त्याने तांब्या खाली ठेवला आणि शेजारी बसला.

बयजाने बांबूला टेकून विचारलं, "काय करताय?"

"काही नाही. बसलोय."

"बसून काय होतं?"

बऱ्याच वेळाने गोसाव्याने तांब्या अलगद उचलला, वरचं निवळ पाणी प्याला, खालचा गाळ झाडाच्या मुळाशी ओतला आणि आल्या वाटेने गेला.

बयजा रिकाम्या तांब्यात बघत राहिली. येसू काठावर जाऊन बसली. "बसा, आत्या," ती म्हणाली. "मलाही बघायचंय."

बयजाने बांबू टाकला. सासू-सुना बसल्या. एकेक करून बाकीच्या बाया आल्या, त्याही बसल्या. वारा पडला. काठाकडून पाणी निवळत गेलं. आधी पायरी दिसली, मग खालचे गोटे, मग शेवाळ. मधे मात्र एका जागी गाळ वर येतच राहिला. तिथे मासा नव्हता, झरा नव्हता. बांबू तर गवतात पडलेला. वरून कुणी ढवळत नव्हतं.

कोंडाबाईने पदराचा बोळा तोंडात धरला. बयजाला मात्र उमगलं. आईला दिसू नये म्हणून तो खालून ढवळत होता.

ती पाण्यात गुडघाभर उतरली. "म्हाळू," म्हणाली, "राहू दे आता. मी थांबले, तूही थांब."

गाळ हळूहळू बसला. येसूही तिच्याशेजारी उतरली. मग जे दिसलं ते त्या सासू-सुनांनीच पाहिलं आणि मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. येसूने ओल्या बोटाने कपाळ पुसलं. बयजाने भात रांधला, पान वाढून पाण्यावर सोडलं. त्या सांजेला टेकडीवरून गार वारा सुटला, ढग गेले, आणि सकाळी सगळी टेकडी काशाने पांढरी झालेली, पांढरं वस्त्र पांघरल्यासारखी.

आजही अवसेला बाया बसतात, तळ दिसला की भाताचं पान सोडून घरी जातात. पण एखाद्या वर्षी सगळं तळं निवळतं आणि मधे गाळ वर येतच राहतो. तेव्हा कुणी कुणाकडे बघत नाही. जिच्या घरचं माणूस पावसाळ्यात बाहेर पडलं आणि परतलं नाही, ती उठते, गुडघाभर पाण्यात उतरते, आणि खाली वाकून हळूच म्हणते, "राहू दे आता."