तेवढ्याचा मलिदा

फार फार पूर्वी समुद्राकाठच्या एका गावात एक तेली राहायचा. तो यहुदी होता. शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गाव त्याला शनिवार तेली म्हणायचं.

एकदा त्याला मोठा ताप आला. ताप गेला, पण तेली काही अंथरुणातून उठेना. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. जेवायचा नाही. हसायचा तर तो आधीही नाही.

वैद्य त्याच्या बायकोला म्हणाले, "माझं औषध संपलं. हा असाच पडून राहिला तर पावसाळा बघणार नाही."

तिथल्या यहुद्यांत एक रीत होती. काही चांगलं झालं की मलिदा करायचा. म्हणजे भिजवलेल्या पोह्यांत गूळ, खोबरं, वेलची घालायची, दहा पुरुष जमवायचे, देवाचे आभार मानायचे आणि मग खायचं.

बायकोने पोहे भिजवले.

तेली आतून ओरडला, "अगं, मी बरा कुठे झालोय? गुडघा अजून दुखतोय. मलिदा बरं झाल्यावर करतात!"

"ताप गेला ना? तेवढ्याचा करतेय. गुडघ्याचा पुढच्या वेळी."

नऊजण आले. दहावा होडी घेऊन गेला होता, तो काही परतला नाही. दहा झाल्याशिवाय प्रार्थना नाही, आणि प्रार्थनेशिवाय मलिदा नाही. सगळे ताटाकडे बघत बसले.

तेवढ्यात घाण्याच्या बैलाने खिडकीतून डोकं आत घातलं. "मी चालेन का?"

प्रार्थना सांगणारे म्हातारे काका म्हणाले, "तू? अरे, तू बैल आहेस."

"शनिवारी मी काम करत नाही. डुक्कर खात नाही. आणखी काय लागतं?"

काका विचारात पडले. "मुद्दा बरोबर आहे. पाय पुसून आत ये."

आतल्या खोलीचं दार धाडकन उघडलं. दारात तेली उभा. "माझ्या घरात, माझ्या तापासाठी, माझ्या जागी बैल?"

"झाले दहा," काका म्हणाले. "बस, आणि आभार मान."

"कशाचे? हा गुडघा ठणकतोय."

"आणि दुसरा?"

तेल्याने दुसरा गुडघा दाबून बघितला. "हा... बरा आहे."

"मग त्याचे मान. बिचारा इतके दिवस नीट वागतोय, त्याला कोण विचारतं?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग तेलीही हसला. बायको दारामागे जाऊन डोळे पुसून आली.

त्यानंतर तेली सुटलाच. त्याने डोळ्यांचे आभार मानले. उरलेल्या दातांचे मानले. सकाळी पोट साफ झालं, त्याचेही मानले. यहुद्यांत त्याचीसुद्धा प्रार्थना असते, खोटं नाही. शेवटी शेजारी म्हणाला, "आवर रे बाबा, पोह्यांचा लगदा झाला."

तेल्याने तो लगदा दोनदा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी घाणा सुरू झाला.

गुडघा मात्र मरेपर्यंत दुखला. मरायला तेल्याला आणखी चाळीस वर्षं लागली.

यातून घ्यायचं ते एवढंच: आभार मानायला बरं होण्याची वाट बघू नये, आभार मानता मानताच माणूस बरा होतो.